कॅमेऱ्याला जागा कळत नाही, वेळ कळते

ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या कुणालाही ‘जिओ टॅग फोटो’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. घरकुलाचा पाया खणला की फोटो, विहिरीचं काम निम्म्यावर आलं की फोटो, आणि प्रत्येक फोटोच्या तळाशी नकाशाचा चौकोन, अक्षांश-रेखांश, तारीख. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि मोबाईल घेऊन आपल्या गटात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, हे शेतकऱ्यांच्याही अंगवळणी पडलं. मोबाईलच्या फोटोला जागा अशी आपोआप चिकटते. डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याच्या फोटोला मात्र ती बहुतेक वेळा नसतेच. फोटो झकास येतो, पण पाच वर्षांनी उघडल्यावर हे कुठलं पठार, कुठली खिंड, कुठल्या गावची जत्रा, याचा काही पत्ता लागत नाही.

हा पत्ता मागाहून जोडता येतो, एक पैसाही न खर्च करता जोडता येतो, आणि त्यासाठी कॅमेऱ्यात जीपीएस असावं लागत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे आहे हे ठाऊक असलं की झालं. त्यामुळे पुढे बरंचसं घड्याळाबद्दलच वाचायला मिळेल.

जागा फोटोत कुठे लिहिलेली असते

फोटोवर छापलेली पट्टी आणि फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी हा चित्राचाच भाग झाला. माणसाला ती वाचता येते, पण चित्र खालून कापलं की ती गेली, आणि तिच्या आधारे हजार फोटो नकाशावर मांडायचे म्हटलं तर संगणक हात वर करतो. फाइलमधली नोंद याच्या उलट. ती दिसत नाही, पण शोधता येते, गाळता येते, नकाशावर टाकता येते. ॲप पट्टी छापत असलं तरी आतली नोंद लिहीत असेलच असं नाही, हे एकदा तपासून घ्यावं.

या आतल्या नोंदीची पद्धत एक्झिफ नावाने ओळखली जाते. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने ती १९९५ मध्ये आणली आणि आज जवळजवळ प्रत्येक कॅमेरा ती वापरतो. शटरचा वेग, ॲपर्चर, आयएसओ, लेन्स, तारीख-वेळ हे सगळं तिथे असतं. जागेसाठी वेगळा कप्पा आहे. त्यात अक्षांश, रेखांश, उंची, कॅमेरा कुठल्या दिशेला रोखलेला होता तो कोन, आणि उपग्रहाकडून मिळालेली वेळ लिहायची सोय असते.

या कप्प्यात एक गंमत आहे. अक्षांश-रेखांशाचे आकडे तिथे बिनचिन्हाचे असतात. उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, हे सांगणारं अक्षर वेगळ्या रकान्यात जातं. आकडे बरोबर आणि ते अक्षर मात्र चुकीचं पडलं, तर काय होतं? राजगड साधारण १८.२५ उत्तर, ७३.६८ पूर्व या जागी आहे. पूर्वच्या जागी पश्चिम लिहा, आणि राजगडाची पद्मावती माची थेट कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात, ले काय शहराच्या आसपास जाऊन बसते. आणि दोन्ही आकडे शून्य राहिले तर फोटो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, गिनीच्या आखातात, जिथे विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त एकमेकांना छेदतात त्या भर समुद्रात दिसतात. जगभरच्या बिघडलेल्या नोंदी तिथे जमतात, म्हणून नकाशावाल्यांनी त्या जागेला थट्टेने ‘नल आयलंड’ हे नाव दिलंय. प्रत्यक्षात तिथे बेट नाही.

आकड्यांचा अंदाज असलेला बरा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, ते १.८५ किलोमीटर, आणि मिनिटाचा साठावा भाग म्हणजे एक सेकंद, तो ३१ मीटर. दशांशात लिहिलं तर चौथ्या स्थानावरचा एक आकडा ११ मीटर सांगतो, पाचवा एक मीटरच्या जवळ जातो. त्यापुढचे सहावे-सातवे आकडे ॲप दाखवतं खरं, पण मोकळ्या आभाळाखालीही मोबाईलची अचूकता पाच मीटरच्या आगेमागे असते. ते जास्तीचे आकडे नुसती सजावट.

कॅमेऱ्यातच जीपीएस का नाही

काहींत असतं. कॅननच्या २०१२ च्या ६डी मध्ये होतं, निकॉनच्या २०१३ च्या डी५३०० मध्ये होतं. फ्लॅश लावायच्या खाचेत बसवायची वेगळी डबीही मिळते. तरी हा प्रकार म्हणावा तसा रुजला नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत सांगत असतो, मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वाजलेत. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून आपलं यंत्र अंतर काढतं. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक. आपल्या यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक हीसुद्धा गणितातली एक अज्ञात संख्या धरावी लागते, म्हणून तीनऐवजी किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

आता अडचण अशी की उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील फार सावकाश पाठवतो. एका उपग्रहाचा नेमका तपशील घ्यायला अर्धा मिनिट लागतो, सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवायला साडेबारा मिनिटं. मोबाईल हा तपशील इंटरनेटवरून क्षणात आणतो, म्हणून त्याची जागा लगेच निघते. कॅमेऱ्याला इंटरनेट नाही. शिवाय कॅमेरा बहुतेक वेळ बंद असतो, धनेश उडाला की आपण बटण दाबून फटाफट चार फोटो काढतो, आणि पुन्हा बंद. तोवर त्या बिचाऱ्याला आपण कुठे आहोत हे उमगलेलंच नसतं. मग फोटोवर जागा येत नाही, किंवा मघाची, दोन किलोमीटर मागची जागा येते. जीपीएस सतत चालू ठेवलं तर बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते.

हल्लीचे कॅमेरे यावर ब्लूटूथचा उपाय देतात. कंपनीचं ॲप मोबाईलवर घ्यायचं, कॅमेरा त्याला जोडायचा, जागा मोबाईल सांगणार आणि कॅमेरा लिहून घेणार. नीट चाललं तर याहून सोपं काही नाही. पण बॅटरी वाचवायची म्हणून मोबाईल पाठीमागे चाललेलं ॲप गुपचूप बंद करतो, आणि हे आपल्याला घरी आल्यावर कळतं. मला स्वतःला तिसरी, जरा जुनाट वाटणारी पद्धतच भरवशाची वाटते.

मागोवा आणि घड्याळ

ही पद्धत अशी. मोबाईलवर मार्ग नोंदवणारं कुठलंही ॲप सुरू करून तो खिशात टाकायचा. अँड्रॉइडवर जीपीएसलॉगर किंवा ओस्मअँड यातलं काहीही चालेल. ट्रेकला जाणारी बरीच मंडळी हे एरवीही करतातच. ॲप दर काही सेकंदांनी लिहीत जातं की अमुक वाजता मी अमुक ठिकाणी होतो. दिवसाच्या शेवटी जीपीएक्स नावाच्या प्रकारातली एक छोटी फाइल मिळते, हाच आपला मागोवा. तिकडे कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोवर वेळ टाकलेली असतेच. घरी आल्यावर सॉफ्टवेअर दोन्ही याद्या शेजारी ठेवतं. फोटो ९ वाजून १४ मिनिटांचा, मागोव्यानुसार ९ वाजून १४ मिनिटांनी माणूस राजगडाच्या सुवेळा माचीवर होता, म्हणजे फोटो सुवेळा माचीवरचा. संपलं. एस.टी.च्या कंडक्टरच्या कागदावरून गाडी किती वाजता कुठल्या थांब्यावर होती हे काढावं, तसाच हा प्रकार.

या जोडणीत जागेचा प्रश्न मोबाईलने सोडवलेला असतो, उरतो तो फक्त वेळेचा. आणि जेवढ्या चुका होतात, त्या बहुतेक इथेच होतात.

पहिली चूक साडेपाच तासांची. जीपीएक्स फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपला कॅमेरा भारतीय वेळेवर असतो. सॉफ्टवेअरला हा फरक सांगायचा राहिला, तर ते सकाळी सातच्या फोटोला मागोव्यातली सातची नोंद लावतं, म्हणजे प्रत्यक्षात आपल्याकडची दुपारी साडेबाराची. गुंजवण्यात गड चढायच्या आधी घेतलेल्या चहाचा फोटो बालेकिल्ल्यावर जाऊन बसतो. ही चूक मोठी असल्याने लगेच दिसते, हा तिचा गुण. जुन्या एक्झिफमध्ये वेळेसोबत प्रमाणवेळ कुठली हे लिहायला रकानाच नव्हता, तो २०१६ च्या आवृत्तीत आला, आणि हातातला कॅमेरा तो भरतोच असं नाही.

दुसरी चूक मिनिटांची, आणि ती फसवी. कॅमेऱ्याचं घड्याळ नेटवर्कवरून वेळ घेत नाही. ते सरकत राहतं, बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली तर थेट कारखान्यातल्या तारखेला परत जातं. गड चढताना आपण मिनिटाला पन्नासेक मीटर चालतो, तेव्हा दोन मिनिटांची चूक चालून जाते. पण ताशी ४० किलोमीटर वेगाने घाट उतरताना त्याच दोन मिनिटांत १.३ किलोमीटर होतात, आणि धबधब्याचा फोटो तीन वळणं पुढे जातो. फोटो ‘जवळपास बरोबर’ जागी दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही.

यावरचा उपाय फार साधा आहे. सहलीच्या सुरुवातीला मोबाईलवर सेकंदांसह घड्याळ उघडायचं आणि त्याचा कॅमेऱ्याने एक फोटो काढायचा. त्या फोटोत दिसणारी वेळ खरी, फोटोच्या एक्झिफमधली वेळ कॅमेऱ्याची. दोहोंतला फरक सॉफ्टवेअरला सांगितला की ते सगळे फोटो तेवढे पुढे-मागे सरकवून घेतं. कॅमेऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायचीही गरज नाही. चुकत असलं तरी किती चुकतंय हे आपल्याला ठाऊक असतं.

दुसऱ्या देशात गेलात तर हाच फोटो तारतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पला इथून दरवर्षी कितीतरी जण जातात. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. मोबाईल आपोआप बदलतो, कॅमेरा पुण्याच्याच वेळेवर राहतो. न्यू जर्सीहून लग्नाला आलेल्या भावाच्या कॅमेऱ्यात तर आदल्या रात्रीची वेळ असते. माझं मत असं, की कॅमेरा एका वेळेवर लावावा आणि प्रवासात त्याला हात लावू नये. अर्धे फोटो एका वेळेचे आणि अर्धे दुसऱ्या, हा गुंता मागाहून सोडवताना जीव जातो.

मोबाईलच्या बाजूने दोन गोष्टी बघायच्या. मार्ग नोंदवणाऱ्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळायचं, नाहीतर मागोव्यात भगदाड पडतं. आणि फोन विमान मोडवर टाकला तरी उपग्रहांचे संदेश बहुतेक फोनना मिळतच राहतात, कारण ते फक्त ऐकायचे असतात. पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो एवढंच. सह्याद्रीत रेंज शोधत बसलेला फोन जेवढी बॅटरी खातो, त्यापेक्षा हे परवडतं.

सॉफ्टवेअरची निवड हा फार डोकं खाण्याचा विषय नाही. लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर त्याच्या नकाशा विभागात मागोवा उघडायची सोय आहेच. फुकटात डिजिकॅम आणि डार्कटेबल आहेत, विंडोजवर जिओसेटर आहे. ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी फिल हार्वी यांचं एक्झिफटूल. ते २००३ पासून चालत आलंय आणि या कामात त्याच्याइतकं काटेकोर दुसरं काही मी पाहिलेलं नाही. मागोव्यातल्या दोन नोंदींच्या मधला फोटो असेल तर सॉफ्टवेअर सरळ रेषा धरून मधली जागा काढतं. चालताना हे ठीक. घाटात नोंदी दर मिनिटाला घेतल्या असतील तर ही सरळ रेषा डोंगरातून आरपार जाते, म्हणून गाडीत नोंदींमधलं अंतर पाच सेकंदांपर्यंत खाली आणावं. जवळच्या नोंदीपासून अर्ध्या तासाहून जास्त लांब पडलेल्या फोटोला एक्झिफटूल जागा लिहायला सरळ नकार देतं. त्याचा राग येऊ देऊ नका, चुकीच्या जागेपेक्षा कोरा रकाना बरा. लेण्यांत आत संदेश पोचत नाही, तिथल्या फोटोंना दाराजवळची शेवटची जागा मिळते, आणि ती पुरेशी असते.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, फोटो काढणाऱ्यांनी जागा मूळ फाइलमध्ये न लिहिता शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून घ्यावी. मूळ फाइलला धक्का लागत नाही.

मागोवा नसेल तर? त्याच सहलीत मोबाईलने काढलेले फोटो शोधा. त्यांच्यावर जागा असते. त्या-त्या वेळेच्या आसपासच्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर ती उचलून टाकता येते, डिजिकॅममध्ये तर नुसती कॉपी करून. तेही नसेल तर नकाशा उघडून हाताने. आजोबांच्या पेटीतल्या, स्कॅन केलेल्या फोटोंना दुसरा मार्गच नाही, कारण त्या फाइलवरची वेळ स्कॅन केल्याची असते.

उंची, दिशा आणि उभं राहण्याची जागा

कोकणातल्या किनाऱ्यावर काढलेल्या फोटोची उंची कधीकधी शून्याखाली पन्नासहून जास्त मीटर दाखवते. यंत्र बिघडलेलं नसतं. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती आकारापासून. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणानुसार त्या आकाराच्या वर-खाली जाते, आणि आपण जिथे राहतो तो भाग जगातल्या सर्वांत खोलगट टापूच्या शेजारी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रसपाटी त्या गणिती आकाराच्या शंभराहून जास्त मीटर खाली आहे. काही ॲप ही दुरुस्ती करून उंची लिहितात, काही कच्चा आकडा तसाच लिहितात. कळसूबाईची उंची १६४६ मीटर न येता खूप कमी आली, तर शिखर खचलेलं नाही.

आणखी एक, सोपं पण हमखास विसरलं जाणारं. नोंदवली जाते ती फोटो काढणाऱ्याची जागा, फोटोत दिसणाऱ्या वस्तूची नव्हे. संजीवनी माचीवरून टिपलेला तोरणा नकाशावर राजगडावरच दिसणार. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना दरीपलीकडचं झाड म्हणजे अर्धा किलोमीटरचा फरक. दिशेचा कोन नोंदलेला असेल तर अंदाज बांधता येतो, नाहीतर मथळ्यात लिहून ठेवावं.

खोट्या जागेची किंमत

फाइलमधली जागा हा पुरावा नव्हे, हेही सांगायला हवं. मी तुमच्या अंगणातल्या फोटोला दोन मिनिटांत लेहची जागा लावू शकतो, आणि वरवर पाहणाऱ्याला काही कळणार नाही. जागेची नोंद लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाइतकीच खरी असते, आणि याचा एक जबर दाखला आपल्याच खानदेशातला आहे.

रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. अपवाद होता एका नमुन्याचा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपण तो १९१४ मध्ये गुजरातमधल्या मांडवीला मिळवला, अशी चिठ्ठी त्याला लावली होती. पक्षी हरवलाय असं समजून शोधणाऱ्यांचं लक्ष त्या चिठ्ठीमुळे भलत्या भागाकडे वळलं. पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिलं की तो नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, नव्याने शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. मूळचा तो खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेल्या नमुन्यांतला. ती खोटी जागा बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

संग्रहालयातली ती चिठ्ठी आणि आपला जीपीएसचा कप्पा यांचं काम एकच. म्हणून हाताने जागा लावली असेल, अंदाजाने लावली असेल, तर मथळ्यात तसं नमूद करायला लाजू नये.

कुणाला दाखवायची, कुणाला नाही

जागा जोडून झाली की फोटो पाठवण्याआधी थांबावं लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर जागा गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. चांगल्या दर्जासाठी आपण हल्ली डॉक्युमेंटच पाठवतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम इतरांना दिसणाऱ्या फोटोतून ती काढतात, ईमेल काढत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये फरार असलेले उद्योजक जॉन मॅकाफी यांचा फोटो एका मासिकाने संकेतस्थळावर टाकला, त्यातली जागा काढायची राहिली, आणि ते ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळलं. आपण कुणी फरार नसतो, पण लेकराचे घराच्या गच्चीवरचे फोटो म्हणजे घराचा पत्ताच असतो.

लाइटरूममध्ये फोटो बाहेर काढताना जागा वगळायची खूण असते, विंडोजमध्ये फाइलच्या गुणधर्मांत वैयक्तिक माहिती काढायची सोय आहे, आयफोनवर पाठवतानाच पर्यायांत जाऊन जागा बंद करता येते. मूळ फाइलमधली जागा मात्र पुसू नये. पाठवायची ती प्रत कोरी करावी.

घरटी, दुर्मीळ ऑर्किड, सापांची बिळं यांच्या बाबतीत जागा पूर्ण काढण्यापेक्षा बोथट करणं मला जास्त पटतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यात असलेल्या जातींची जागा मुद्दाम ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात, म्हणजे २०-२२ किलोमीटरचा मोघमपणा. अभ्यासकाला ती जात कुठल्या भागात आहे हे कळतं, पिंजरा घेऊन निघालेल्याला झाड सापडत नाही. आपल्यालाही हे सहज जमतं. अक्षांश-रेखांश दशांशात उघडा आणि एकाच दशांश स्थानापर्यंत ठेवून बाकीचे आकडे उडवा. १७.७ उत्तर, ७३.८ पूर्व एवढं लिहिलं की कासच्या बाजूचा फोटो आहे हे कळतं, आणि कुठल्या खडकामागचा ते कळत नाही.